आरमाराचा तनखा मुलखातून

"समुद्राची राखण आणि आपला काय संबंध?" हा प्रश्न या हंगामात मी तीनदा ऐकला. एकदा सोसायटीच्या मीटिंगनंतर चहा घेताना, एकदा तासगावात कोल्ड स्टोरेजच्या दारात बेदाण्याच्या गाड्या लागल्या होत्या तेव्हा, आणि एकदा घरातच, पुतण्याच्या तोंडून. निमित्त एकच. १९०८ चा जुना बंदर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, विमानतळांना आहे तशी बंदरांनाही सुरक्षेची स्वतंत्र यंत्रणा द्यायचे केंद्राने ठरवले, आणि मग खर्चाचा विषय निघाला. बंदरांच्या सुरक्षेला सरकारी तिजोरीतून अनुदान द्यावे, की ज्याचे बंदर त्याने बघावे? एक बाजू म्हणते, सुरक्षेचा मामला आहे, हिशेब विचारू नका. दुसरी म्हणते, बंदरे उद्योगपतींची, नफा त्यांचा, मग आमच्या करातून त्यांना कुंपण कशाला? पहिलीला प्रश्न विचारणाऱ्याच्या देशप्रेमाचीच शंका येते, दुसरीला पैसे देणारा प्रत्येक जण फसलेला वाटतो. आवाज दोन्हीकडे चढला आहे आणि प्रश्न होता तिथेच आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. समुद्राच्या राखणीला सरकारी पैसा लागतो, तो सगळ्या मुलखाने द्यावा, आणि त्यात जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांचाही वाटा असावा. पण तो पैसा बोटी आणि कॅमेरे विकत घेण्यावर संपणार असेल तर एक रुपयाही देऊ नये. त्या बोटी रोज पाण्यात घालण्यावर, चालवणाऱ्या माणसांवर, आणि मोठ्या बंदरांच्या कमानीआधी लहान जेट्ट्यांवर तो गेला पाहिजे. अनुदान हवे की नको, एवढ्यावरच आपण भांडत बसलो आहोत. कशासाठी आणि किती वर्षे, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न नवा नाही, आपल्या मातीत तो तीनशे वर्षांपूर्वी पडला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात, आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंग, आणि ज्याचे आरमार त्याचा समुद्र, हा त्यातला विचार भाषणांत हमखास येतो. त्याच प्रकरणातली पैशाची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. अमात्य म्हणतात की आरमाराचा तनखा मुलखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, समुद्रावरच्या पैदास्तीवर, म्हणजे तिथे मिळेल त्या कमाईवर, तो सोडू नये. कारण पोट पैदास्तीवर ठेवले की आरमाराची माणसे सावकारांना, म्हणजे समुद्रावरच्या व्यापाऱ्यांना, त्रास देऊ लागतात, सावकारी बुडते आणि बंदरे ओस पडतात. गलबतावरच्या शिपायाला पगार नेमून दिला नाही तर तो व्यापाऱ्यालाच लुटणार, हे या मुत्सद्द्याला कळत होते. म्हणून घाटावरच्या गावांचा महसूल समुद्रावरच्या माणसाच्या पगाराला जोडायचा. आज "बंदरांनी आपले आपण बघावे" असे म्हणणाऱ्यांना अमात्यांनी तेव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे.

बंदराने आपले आपण बघावे, म्हणजे प्रत्यक्षात काय होते? बंदर सुरक्षेचा आकार लावते, शिपिंग लाइन तो बिलात धरते, निर्यातदार तो खर्चात मांडतो, आणि शेवटी व्यापारी बागेत उभा राहून किलोमागे दर कमी सांगतो. आमच्या गावातल्या पॅकहाउसवर मी फेब्रुवारीतली रात्र कितीदा तरी काढली आहे. प्रीकूलिंगमधून पॅलेट बाहेर येतात, बायका पनेट भरून थकलेल्या हातांनी शेवटच्या खोक्यांवर लेबले चिकटवत असतात, रीफर कंटेनरचा जेनसेट घरघरत असतो. दार लागते, बोल्ट सील टक् करून बसते, सुपरवायझर मोबाइलच्या उजेडात सीलच्या नंबरचा फोटो काढतो. त्या क्षणापासून तो माल आमचा राहत नाही, पण त्याची जोखीम आमचीच असते. पुण्यावरून घाट उतरून तो न्हावा-शेव्याला जातो, तिथून जहाजावर, तिथून युरोपला. वाटेत कुठेही तो अडकला तरी त्याचा भार फिरून बागेत येतो.

हा भार काय असतो, ते २०२४ च्या हंगामाने दाखवले. २०२३ च्या नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजे सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला, कंटेनरचे भाडे कडाडले. येमेनचे नावही ज्यांनी कधी घेतले नव्हते त्या तासगाव, पलूस, मिरजेच्या शेतकऱ्यांना व्यापारी सांगू लागले, "माल उशिरा पोचतोय, दर धरता येत नाही." द्राक्ष म्हणजे लोखंड नव्हे. छाटणीपासून चार महिने जपलेला घड काही दिवस जास्त थांबला की देठ सुकतो, मणी गळतो. समुद्र सुरक्षित असणे ही आमच्यासाठी पिकाच्या विम्याइतकी रोकडी गोष्ट आहे. आणि कवठेमहांकाळजवळ रांजणीला ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूरचे कोरडे बंदर, व्हावे म्हणून इतकी वर्षे मागणी करतो आहोत ना आपण? ते झाले तर बंदराचे दार आपल्याच शिवारात येईल. मग तिथले सील, तिथली तपासणी, तिथले रात्रीचे पहारे, या सगळ्याला आपण कोणाचा प्रश्न म्हणणार?

पैशाच्या पलीकडचीही एक गोष्ट आहे. जावळी तालुक्यातले केडंबे हे डोंगरातले गाव. तिथून समुद्र दिसत नाही. त्या गावचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात लाठी घेऊन उभे होते. समोरच्याकडे एके-४७ होती. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. मुंबईवर हल्ला करणारे ते दहा जण कराचीहून समुद्रमार्गे निघाले, वाटेत पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार बोट ताब्यात घेतली आणि कुलाब्याच्या कोळीवाड्यात उतरले. त्यांना वाटेत अडवायला जेवढे थर होते तेवढे सगळे निकामी ठरले आणि शेवटी साताऱ्याच्या डोंगरातला एक माणूस उघड्या छातीने अडवायला उरला. समुद्राशी आपला काय संबंध, हे केडंब्यात जाऊन कोणी विचारून दाखवावे.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, आणि तो मी कमी करून मांडणार नाही. पैसा तर दिला होता. किनारी सुरक्षेची केंद्राची योजना २००५ मध्येच मंजूर झाली होती. पहिल्या टप्प्यात ७३ किनारी पोलिस ठाणी आणि २०४ बोटी होत्या. म्हणजे २६/११ घडले तेव्हा योजना तीन वर्षांची होती. हल्ल्यानंतर पहारा वाढवला, अधिकार वाटून दिले, २०११ पासून दुसऱ्या टप्प्यात आणखी १३१ पोलिस ठाणी धरली. आणि त्याच २०११ च्या ३१ जुलैला काय झाले? ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' नावाचे टँकर जहाज महिनाभर आपोआप वाहत आले आणि थेट जुहूच्या वाळूत रुतले. तोवर ते कोणाच्या नजरेस पडले नाही. पुढे २०२२ च्या ऑगस्टात हरिहरेश्वरला 'लेडी हान' ही रिकामी बोट लागली. तिच्यात तीन एके-४७ होत्या. घातपाताचा प्रकार नाही हे लगेच स्पष्ट झाले. इंजिन बिघडल्यावर मस्कतजवळ माणसांना तिच्यातून सोडवले होते आणि ती एकटीच तरंगत आली होती. पण बिनमाणसाची बोट येऊ शकते, तर माणसांची का येणार नाही? एवढा पैसा ओतून भोक तसेच राहत असेल, तर अनुदान वाढवून काय होणार, हा प्रश्न रास्त आहे.

याचे उत्तर मला एका जेट्टीवर मिळाले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही घरचे सगळे कोकणात गेलो होतो. संध्याकाळी जेट्टीवर हिंडताना एक पोलिस बोट बांधलेली दिसली. ताडपत्री टाकलेली, दोराला हिरवे शेवाळ धरलेले. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर एक तरुण हवालदार बसला होता. बोलण्यावरूनच ओळख पटली.

"कुठलं पाव्हणं?"

"तासगावकडचे. तुम्ही?"

"आटपाडी. दोन वर्सं झाली हितं येऊन."

बोट चालते का म्हणून विचारले. "डिझेल आलं की चालती," तो म्हणाला. "आन् बोट हाकणारा तांडेल पायजे. ठेक्यावरचा हुता, त्याचा पगार थकला, त्यो मासेमारीच्या बोटीवर गेला. त्याचं बी पोट हाय की." तुम्हाला पोहता येते का, असे माझ्या बायकोने विचारले. त्याने समुद्राकडे पाहिले आणि म्हणाला, "विहिरीत येतंय, वैनी." पहिल्या फेरीत तीन तास ओकत होतो, हेही त्याने सांगितले. तो कामचुकार नव्हता. त्या खुर्चीवर बसून तो येणाऱ्या प्रत्येक होडीचा नंबर वहीत लिहीत होता. अक्षर सुंदर होते. वही त्याने स्वतःच्या पैशाने आणली होती.

त्या मुलाला बोट सरकारने दिली होती. डिझेल, तांडेल, दुरुस्ती आणि प्रशिक्षण ही वर्षानुवर्षे लागणारी गोष्ट आहे, आणि ती मात्र कोणाच्याच माथी नव्हती. योजनेची बांधणीच तशी आहे. बोटी, इमारती, सामान यांना केंद्राचा पैसा. माणसांचे पगार राज्यांनी करायचे, आणि इंधन-दुरुस्तीला केंद्राचा हात ठरावीक वर्षांपुरता. मुदत संपली की ओझे राज्यावर, राज्याकडून जिल्ह्यावर, आणि जिल्ह्याकडून त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर.

हे चित्र ओळखीचे वाटत नाही का? आपण सांगली-सातारकर हे एकदा पुरते भोगून बसलो आहोत. ताकारी, म्हैसाळ, टेंभू. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी भागात न्यायच्या या योजना. पंप बसले, पाइप आले, कालवे खोदले, उद्घाटने झाली. आणि मग ऐन उन्हाळ्यात पंप बंद. का? वीजबिल थकले म्हणून. शेकडो कोटींची यंत्रे उभी, समोर नदी, मागे कोरडी शिवारे, आणि मध्ये न भरलेले बिल. शेतकऱ्याला ते पेलवत नव्हते, पाटबंधारे खात्याकडे तरतूद नव्हती. त्या वेळीही शहाणी माणसे म्हणतच होती की या योजना म्हणजे पांढरा हत्ती, बंद करा. योजना बंद केल्या नाहीत. मार्ग निघाला तो वीजबिलाची वाटणी ठरवून. ८१ टक्के सरकार भरेल, १९ टक्के लाभधारक. तेव्हापासून आवर्तने नियमित सुटू लागली, आणि जिथे टँकरशिवाय काही दिसत नव्हते तिथे आज डाळिंब आणि ऊस उभा आहे. अडचणी आजही आहेत, पण पंप फिरतात.

किनारी सुरक्षा आज म्हैसाळच्या त्या बंद पंपासारखी आहे. बंद पंप बघून आपण नदीला दोष दिला नाही, पंपालाही दिला नाही. चालवण्याचा खर्च कोणी करायचा ते ठरवले. मग बोट बांधून पडलेली दिसली की अनुदानच चूक, असा निष्कर्ष का काढतो? आणि आणखी एक. त्या ८१ टक्क्यांत मुंबईच्या करदात्याचा पैसा आहे, रत्नागिरीच्या मच्छीमाराने डिझेलवर भरलेला कर आहे. त्याने कधी विचारले नाही की टेंभूच्या पंपाशी माझा काय संबंध. दुष्काळात आपल्याला पाणी देताना जो मुलूख एक असतो, तो किनाऱ्यावर डिझेल घालताना दोन कसा होतो?

दुसरा आक्षेप १९९३ चा, आणि तो अधिक बोचरा आहे. मुंबईतल्या साखळी स्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला उतरवले गेले. १२ मार्च १९९३ ला २५७ माणसे मेली. तेव्हा बोट नव्हती, डिझेल नव्हते म्हणून माल उतरला का? तसे नव्हते. कस्टम्स आणि पोलिसांतल्या काही जणांनी पैसे खाऊन डोळे मिटले, आणि न्यायालयाने पुढे त्यांना दोषी ठरवले. प्रामाणिकपणा अनुदानाने विकत मिळत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण यातून निघते काय? डोळे मिटणाऱ्या एकाच पहारेकऱ्यावर अख्खा किनारा सोपवू नये, हेच ना? एका खात्याने मिटलेले डोळे दुसऱ्याने उघडे ठेवावेत, फेरीची नोंद यंत्रात आपोआप पडावी, ती नोंद तिसऱ्या कोणीतरी तपासावी, आणि खालच्या माणसाचा पगार महिन्याच्या महिन्याला मिळावा. या प्रत्येक गोष्टीला दरवर्षी पैसा लागतो. मुंद्रा बंदरात २०२१ च्या सप्टेंबरात अफगाणिस्तानातून आलेल्या टाल्कच्या कंटेनरमध्ये सुमारे तीन हजार किलो हेरॉइन सापडले, ते महसूल गुप्तचर संचालनालयाच्या माणसांनी पकडले म्हणून. दुसरा डोळा उघडा होता. अमात्यांच्या मनातली भीती हीच होती: पगार नेमून दिला नाही की पहारेकरी पैदास्तीकडे बघू लागतो.

आता खासगी बंदरांचा मुद्दा. जे बंदर वर्षाला लाखो कंटेनर हाताळते त्याने आपल्या फाटकाचा, स्कॅनरचा, कॅमेऱ्यांचा खर्च स्वतः करावा, यावर माझा विरोधकांशी काडीचाही वाद नाही. २००४ च्या जुलैपासून जगभर बंदर सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता लागू आहे आणि ती पाळणे हा त्यांच्या धंद्याचाच भाग आहे. वाढवणला ७६ हजार कोटींचे बंदर होत असेल तर त्याच्या सुरक्षेचा खर्च त्याच आराखड्यात असला पाहिजे. पण महाराष्ट्राचा किनारा म्हणजे न्हावा-शेवा आणि वाढवण नव्हे. राज्याच्या मेरीटाइम बोर्डाकडे ४८ लहान बंदरे आहेत, शिवाय मासे उतरवायच्या कितीतरी जेट्ट्या आणि खाड्या. त्यांतल्या बहुतेकांचे उत्पन्न एका रखवालदारालाही पुरणारे नाही. आणि शेखाडीला काय मोठे बंदर होते? कुलाब्याच्या कोळीवाड्याला कुठे स्कॅनर होता? आमच्याकडे कालव्याचा भराव फुटतो तो घुशीने बीळ केले तिथे. वर कितीही दगडी पिचिंग करा, पाणी बिळातूनच वाट काढते.

त्यात एकाच्या चुकीचा दंड सगळ्यांना बसतो. २०१० चा हंगाम ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि एका झटक्यात सगळ्यांचा माल संशयित ठरला. ज्यांनी ते वापरलेच नव्हते त्यांचेही कंटेनर बंदरात पडून राहिले. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, नमुना, रेसिड्यू रिपोर्ट हे आधीपासून होतेच, त्यांचा आणखी कडक जाच आपण स्वीकारला, आणि त्या व्यवस्थेच्या मागे शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था अपेडा उभी राहिली. ते कोणाला उद्योगपतींचे लाड वाटले नाहीत. भारताच्या एखाद्या बंदरातून निघालेल्या कंटेनरमध्ये उद्या भलते काही सापडले, तर परदेशी बंदर तासगावच्या कंटेनरला वेगळे काढून विचारणार आहे का?

घातपात हाही एकच धोका नव्हे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र होती. आग लागली, जहाज उडाले, शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. पाटण, जावळी, शिराळ्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहत आली. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्याचेच. गोदीत काही झाले की पहिला निरोप आमच्या डोंगरात यायचा. बैरुतला २०२० मध्ये वर्षानुवर्षे पडून असलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट पेटले आणि दोनशेहून जास्त माणसे मेली. ती बातमी आल्यावर चेन्नईजवळ सुमारे सातशे टन तसाच साठा पडून असल्याचे आपल्याकडे लोकांच्या लक्षात आले, आणि मग तो घाईने हलवला. २०१७ मध्ये संगणकावरच्या हल्ल्याने न्हावा-शेव्याचे एक टर्मिनल ठप्प केले. तिथे बंदूक कोणीच आणली नव्हती. गोदामात काय पडून आहे याची नोंद ठेवणारा कारकून आणि संगणक सांभाळणारा मुलगा हेही पहारेकरीच आहेत. त्यांचा पगार कोणत्या योजनेत बसतो?

अमेरिकेचे उदाहरण देणाऱ्यांनी तेही पूर्ण द्यावे. तिथे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर बंदर सुरक्षेसाठी वेगळे अनुदान सुरू झाले आणि अलीकडच्या वर्षांत ते साधारण दहा कोटी डॉलरच्या घरात राहिले आहे. सुरुवातीला पैसा धोका बघून न जाता भलतीकडे गेला, आणि ती टीका त्यांच्याच खात्याच्या तपासनिसांनी जाहीर अहवालात केली. त्यानंतर धोक्यानुसार वाटपावर भर आला. सरकारी बंदरालाही साधारण चौथा हिस्सा स्वतः घालावा लागतो. ज्याचे स्वतःचे चार आणे गुंतले आहेत तो उरलेल्या बारा आण्यांकडेही लक्ष ठेवतो. आपल्या ८१-१९ च्या वाटणीतही हेच आहे.

एक आक्षेप असा आहे की त्यापुढे मी मान खाली घालतो. सुरक्षेच्या नावाखाली जाच होतो तो कोळ्यांना. ओळखपत्र दाखवा, बोटीचा रंग ठरल्याप्रमाणे ठेवा, टोकन घ्या, पहाटे थांबा. मोठ्या जहाजाला सलाम आणि होडीला दमदाटी, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि २६/११ च्या संध्याकाळी त्या दहा जणांना पहिल्यांदा कोणी हटकले? कुलाब्याच्या कोळी लोकांनीच. सगळ्या यंत्रणेच्या आधी त्यांची नजर पोचली होती, त्या नजरेला पुढे जोडणारा धागा नव्हता. म्हणून अनुदानाचा पहिला हिस्सा त्यांच्याकडे जावा. लहान होड्यांना ट्रान्सपाँडर, म्हणजे होडी कुठे आहे ते कळवणारे यंत्र, फुकट, किनाऱ्यावरच्या स्वयंसेवकांच्या सागर सुरक्षा दलातल्या गड्याला गस्तीच्या दिवसाची मजुरी, आणि किनारी पोलिसांत त्यांच्या मुलांना भरतीत अग्रक्रम. लाट ओळखणारा पोरगा कोळीवाड्यात बेकार बसतो आणि आटपाडीचा पोरगा बोटीत ओकत बसतो. हे सुधारायला नवी बोट घ्यावी लागत नाही.

घाटावरच्या माणसाने समुद्र परका मानला की काय होते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १७१३-१४ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पाठवून कान्होजी आंग्र्यांना आपल्याकडे वळवले आणि त्यांचे सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचे पद, कायम केले. सातारा आणि समुद्र तेव्हा एका सूत्रात होते. १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांचा काटा काढायला इंग्रजांना बरोबर घेतले, आणि विजयदुर्गाच्या खाडीत मराठ्यांचे सर्वांत मोठे आरमार जळून गेले. तुळाजींचे वागणे बेलगाम होते, यात शंका नाही. पण घरच्या आरमाराचा हिशेब घरात मिटवण्याऐवजी ते जाळायला परक्याला बोलावणे देशावरच्या दरबाराला परवडेल असे वाटले, कारण त्या लाकडाची, त्या तांडेलांची किंमत दरबारात कोणाला ठाऊकच नव्हती. पुढच्या बासष्ट वर्षांत दरबारही उरला नाही.

म्हणून आपल्या आमदार-खासदारांना विचारायचे प्रश्न मी कागदावर उतरवून ठेवले आहेत. किनारी पोलिसांच्या किती बोटी आज पाण्यात आहेत आणि किती बांधून पडल्या आहेत? गेल्या वर्षी प्रत्येक बोट किती तास फिरली? तांडेलांचा पगार किती महिने थकला? नव्या यंत्रणेच्या अंदाजपत्रकात खरेदीला किती आणि दहा वर्षे चालवायला किती? ४८ लहान बंदरांपैकी किती ठिकाणी रात्री माणूस असतो? गस्तीच्या संवेदनशील वेळा गुप्त ठेवाव्यात, पण डिझेलचा हिशेब कशाला गुप्त हवा? म्हैसाळच्या थकबाकीचा आकडा आम्हाला तोंडपाठ असायचा, कारण तो रोज पेपरात यायचा, आणि तो यायचा म्हणूनच शेवटी प्रश्न सुटला.

परवा पुतण्याने पुन्हा तोच विषय काढला तेव्हा मी त्याला त्या हवालदाराच्या वहीची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "त्याची वही कोण वाचतं, काका?" तेच मला त्या दिवशी जेट्टीवर विचारायचे राहून गेले होते.